वधूपक्षातली पंगत

माझी अक्का मंगल कार्यालयात वारली. असं सांगितलं की लोकांना वाटतं, कुणाच्या तरी लग्नात काही झालं असेल. तसं नाही. नळदुर्ग ओलांडून अणदूरकडं जाताना महामार्गापासून जरा आत, तुरीच्या रानाला लागून एक मंगल कार्यालय होतं. ते काही चाललं नाही. पत्रे गळायला लागले तसा मालकानं नाद सोडला आणि सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या एका नर्सबाईंनी ते भाड्यानं घेऊन तिथं बारा खाटा टाकल्या. मोठ्या दवाखान्यांनी ज्यांना 'आता घरी न्या' म्हणून सांगितलेलं असतं आणि घरी नेऊन काय करायचं ते घरच्यांना उमगत नसतं, अशा माणसांसाठी. तिथं दुखणं कमी करतात, जखमा धुतात, अंग पुसतात, हात धरून बसतात. बरं मात्र करत नाहीत. ते कुणाच्याच हातात राहिलेलं नसतं.

भिंती रंगवायला पैसे नव्हते. त्यामुळं बायकांच्या खोलीवर 'वधूपक्ष' आणि पुरुषांच्या खोलीवर 'वरपक्ष' ही जुनी अक्षरं तशीच राहिली. नवरानवरीच्या स्टेजवर औषधांची कपाटं. पहिल्या दिवशी ती पाटी वाचून अक्का एवढ्या दुखण्यातही हसली होती. नवऱ्याचं घर तिला दोन वर्षंसुद्धा लाभलं नव्हतं.

मी मुरुमला मास्तर होतो. तापट म्हणून माझी ख्याती. तालुक्यात आज जे व्यापारी, कंत्राटदार, वकील म्हणून मिरवतात, त्यातल्या निम्म्यांचे कान माझ्या हातात येऊन गेलेत. घरीही मी तसाच. अक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आईच्या माघारी तिनंच मला भाकरी करून घातली, पुढं सासरहून परत आली ती माझ्याकडंच राहिली. मी जेवल्याशिवाय तिनं कधी ताट वाढून घेतलं नाही. मला त्याचा राग यायचा, मी तिच्यावर ओरडायचो, ती ऐकून घ्यायची आणि मी जेवायची वाट बघत बसायची.

तिच्या पोटात कॅन्सर निघाला आणि सोलापूरच्या डॉक्टरांनी मान हलवली, तेव्हा मी एकच गोष्ट डोक्यात घेतली. हिला खायला घालायचं. अंगात ताकद आली की बघू. कण्या, मुगाचं कढण, शिरा, डाळिंबाचा रस. वाटी आणि चमचा घेऊन मी दिवसभर तिच्या उशाशी बसायचो. तिनं मान फिरवली की शाळेतला आवाज काढायचो. "तोंड उघड." ती उघडायची. घास कसाबसा गिळायची आणि माझी पाठ फिरली की भिंतीकडं तोंड करून ओकायची. मला दिसू नये म्हणून पदरात ओकायची. महिनाभर हे चाललं. याला मी सेवा म्हणत होतो.

मंगल कार्यालयात आणलं त्या दिवशी मी सवयीनं वाटी काढली. नर्सबाईंनी ती माझ्या हातातून काढून घेतली, अगदी हळू, आणि म्हणाल्या, "गुरुजी, त्या तुमच्यासाठी खातायत. स्वतःसाठी नाही."

मी चिडलो. "मग काय उपाशी मारू काय?"

"जेवत नाहीत म्हणून त्या चालल्या नाहीत. त्या निघाल्यात, म्हणून जेवण सुटलंय."

मी बाहेर जाऊन रानाच्या बांधावर उभा राहिलो. परत आलो तेव्हा अक्का झोपली होती. महिन्यात पहिल्यांदा ती कण्हत नव्हती. त्यानंतर तिथं ती जे वीसेक दिवस जगली, त्यात कुणी तिच्या तोंडाजवळ चमचा नेला नाही. चहा तिच्या जिवाचा. तर कापसाचा बोळा चहात बुडवून बाई तिच्या ओठांवर फिरवायच्या आणि अक्का जिभेनं ओठ चाटून म्हणायची, "साखर कमी हाय." एका दुपारी ती गेली. हात माझ्या हातात होता आणि चेहऱ्यावर दुखणं नव्हतं. मी त्या घराचा ऋणी आहे तो एवढ्यासाठी, की त्यांनी माझ्या बहिणीला माझ्या चमच्यापासून सोडवलं. त्या दिवशी मनाशी ठरवलं, मरणाऱ्या माणसाच्या तोंडात यापुढं कधी घास घालायचा नाही.

अक्काच्या शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती. सीमेपलीकडच्या गावची, अर्धं कानडी अर्धं मराठी बोलायची. सगळे तिला अव्वा म्हणत. अन्ननलिका बंद होत आलेली, दूध तेवढं चमच्यानं जायचं, तेही जपून. पुतण्यानं एक पिशवी आणि एक फोन नंबर देऊन तिला तिथं सोडलं होतं. नंबर चुकीचा निघाला. अव्वा दिसेल त्याला एकच विचारायची, "ऊटा आतेनु?" म्हणजे जेवलास का. आमच्या सीमेवर ही रामरामासारखी रीतच आहे. तिला स्वतःला घोटभर पाणी गिळताना डोळ्यांत पाणी यायचं आणि ती मला विचारायची जेवलास का. मी "व्हय व्हय" म्हणायचो. खरं तर त्या वीस दिवसांत मी महामार्गावरच्या टपरीवर चहात बिस्किटं बुडवून दिवस काढत होतो. तिथं बसून असणारे सगळेच तसे.

अक्काला जाऊन दोन महिने झाले असतील. तिची मऊ झालेली सुती लुगडी त्या घराला उपयोगी पडतील म्हणून घेऊन गेलो. बाई चादरी वाळत घालत होत्या. म्हणाल्या, "गुरुजी, नका ठेवू. दिवाळीनंतर हे बंद होतंय." पुण्याची जी मंडळी मदत पाठवत होती, त्यांची मदत थांबली होती. ज्यांना घर आहे ते घरी जातील.

"आणि अव्वा?"

बाईंनी चादरीच्या कडा जुळवल्या. "सरकारी दवाखाना असल्या पेशंटला ठेवून घेत नाही."

खिडकी उघडी होती. आत गेलो तर अव्वानं सगळं ऐकलेलं. तिनं रडारड केली नाही. गाडी कितीला आहे असं विचारावं तसं विचारलं, "मास्तर, मला कुठं टाकनार हायत?"

"कुठंच न्हाय," मी म्हणालो. "म्या बघतो."

काय बघणार होतो, कपाळ. पण शब्द गेला तो गेला.

मी मागायला निघालो. ज्यांचे कान पिळले त्यांच्याच दारात. सगळ्यांनी पायाला हात लावला, चहा पाजला, खुर्चीवरचं फडकं झटकलं. आणि मी विषय काढला की तोंडावरचा रंग बदलायचा. "मरायच्या घराला व्हय, गुरुजी?" जणू मी कुणाच्या तेराव्याची सुपारी घेऊन आलो होतो. देवळाच्या सभामंडपाला फरशी द्यायला तयार, शाळेला पंखा द्यायला तयार, त्यावर 'कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ' असं रंगवून घ्यायला तर फारच तयार. मी म्हणालो, खाट द्या, खाटेवर नाव घालू. त्यावर एक जण म्हणाला, "आईचं नाव त्या खाटंवर नगं. लोक म्हनतील, आईला तिथं टाकली हुती." दुसऱ्यानं सल्ला दिला, त्यापेक्षा मंगल कार्यालयच परत चालू करा, चार पैसे मिळतील. धाराशिवला एका साहेबाच्या कचेरीत गेलो, हा माझा पहिल्या बाकावरचा विद्यार्थी. त्यानं मला दुपारपर्यंत बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं आणि मागच्या दारानं जेवायला निघून गेला. मी एसटीनं परतलो. त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली, त्याचा राग आला आणि अव्वाचाही राग आला. कशाला विचारलंस मला, असं मनात आलं. आलं ते लिहितो.

श्रावणात गावात सप्ताह होता. संध्याकाळी मारुतीच्या पारावर टेकलो होतो. लाऊडस्पीकरवर पुकारा चालू होता, आजची पंगत अमक्याकडून, उद्याची तमक्याकडून. सात दिवसांच्या पंगती आमच्याकडं कुणाला मागायला लागत नाहीत. त्यासाठी भांडणं होतात. आणि माझ्या टाळक्यात उजेड पडला. आमच्या लोकांना मरणासाठी द्यायला हात होत नाही, जेवणासाठी होतो.

मी वर्षाचे सगळे दिवस मोठ्या कागदावर आखले. ज्या घरातलं माणूस ज्या तिथीला गेलं, त्या घरानं तो दिवस घ्यायचा. त्या दिवशीचा मंगल कार्यालयाचा सगळा खर्च त्यांच्याकडं, औषधासकट, आणि पंगतही त्यांची. मी दारोदार जाऊन सांगायला लागलो, "तुमच्या माणसाच्या नावानं आजारी माणसं जेवतील."

हे वाक्य माझ्या तोंडून लोण्यातल्या सुरीसारखं निघायचं. वीस दिवस मी तिथं राहिलेला. तिथं कुणाला घास जात नाही हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? पण वाक्य चालत होतं. बायका डोळ्याला पदर लावायच्या, पुरुष खिशात हात घालायचे. महिन्याभरात कागद भरत आला. तिथीनं की तारखेनं यावरून दोन घरांत जुंपली. सर्वपित्री अमावस्येला तर सात-आठ घरांनी हक्क सांगितला. कागद बाईंना दाखवला. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाल्या, "पण गुरुजी, इथं जेवतं कोण?"

"पुढचं पुढं बघू," मी म्हणालो.

पहिली पंगत मुरुमच्या एका माजी विद्यार्थ्याची होती. हार्डवेअरचं दुकान, परिस्थिती चांगली. आईचं वर्षश्राद्ध. तो टेंपो भरून आला. बायको, भाऊ, भावजया, चुलत्या, आईचा हार घातलेला फोटो, आणि पुढच्या पंगती घेतलेली गावातली पाच-सात माणसं, कसं काय असतं ते बघायला. पुरणपोळी, गुळवणी, कढी, भात. भजी तिथंच गरम तळायला घेतली. हॉलमध्ये पट्ट्या अंथरल्या, पत्रावळ्या मांडल्या. पण पट्टीवर येऊन बसणारं कुणी नव्हतंच. मग ताटं वाढून खाटांकडं न्यायची ठरली.

तळणाचा वास वरपक्षात शिरला आणि एका माणसाला उमासे सुरू झाले. बाई भांडं घेऊन तिकडं धावल्या. दुसऱ्यानं भिंतीकडं तोंड केलं. तिसरा औषधाच्या गुंगीत. वधूपक्षात एका बाईनं ताटाकडं बघून हात जोडले आणि मान हलवली. ताटं जशीच्या तशी परत यायला लागली. माझा विद्यार्थी, पन्नाशीचा बाप्या, हात जोडून या खाटेवरून त्या खाटेकडं जात होता. "एक घास घ्या. आईच्या नावानं एक घास." कुणाला जमत नव्हतं. शेवटी तो माझ्यापुढं येऊन उभा राहिला. शाळेत छडी खाताना जसा उभा राहायचा तसाच.

"गुरुजी, आई गेली तवाबी आसंच झालं हुतं. धाव्याला पिंड ठेवून तीन तास बसलो नदीवर. एक कावळा फिरकला न्हाय. लोक मागनं बोलत हुते, म्हातारीचं काय तरी राहिलं, पोरांनी नीट बघितली न्हाय. शेवटी दर्भाचा कावळा करून शिवीवला. म्हनलं आज तरी आई घेईल. आजबी न्हाय घेतलं."

त्याचा भाऊ त्या पाच-सात जणांना हळू आवाजात म्हणाला, "हितं कुनी शिवतच न्हाय. मग कशाला द्यायचं?" ते एकमेकांकडं बघायला लागले. मला कागदावरची नावं एकेक पुसली जाताना दिसली. रस्त्याच्या कडेला पिशवीसकट बसलेली अव्वा दिसली.

मी एक ताट उचललं आणि वधूपक्षात गेलो. अव्वाच्या खाटेजवळ जाऊन उभा राहिलो. तोंडानं मी एक शब्द बोललो नाही, हे मी पुढं बऱ्याच जणांना सांगितलं. पण ताट घेऊन उभं राहणं म्हणजे मागणंच. मास्तर माणूस, वर्गात नुसतं उभं राहिलो तरी पोरं वह्या काढायची. मला माझं उभं राहणं ठाऊक आहे.

अव्वानं ताटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, दारात डोळे पुसत उभ्या असलेल्या त्या बाप्याकडं बघितलं.

"कुनाचं हाय?"

"आईचं," तो म्हणाला.

"पोळी भिजव," ती मला म्हणाली. "गुळवनीत. लई मऊ कर."

मी पोळीचा तुकडा गुळवणीत भिजवला, बोटांनी चुरला. माझी बोटं सरावलेली होती, अक्कासाठी महिनाभर हेच केलं होतं. बाई पलीकडं वरपक्षात त्या ओकणाऱ्या माणसापाशी होत्या. त्या इथं असत्या तर त्यांनी ताट माझ्या हातातून काढून घेतलं असतं. हे मला त्या क्षणी कळत होतं. म्हणूनच मी घाई केली.

तिनं तोंड उघडलं. मी घास ठेवला. ती बराच वेळ तो तोंडात घोळवत राहिली. मग तिनं एका हातानं खाटेची दांडी धरली आणि गिळलं. मानेच्या शिरा वर आल्या, डोळ्यांतून पाणी आलं, पाय चादरीखाली ताणले गेले. गेला घास. माझा विद्यार्थी तिच्या पायावर डोकं ठेवून हुंदके द्यायला लागला, "घेतलं, आईनं घेतलं." मागं बायकांनी पदर डोळ्याला लावले. तिला श्वास यायला वेळ लागला. आला तेव्हा तिनं माझ्याकडं बघून विचारलं, "ऊटा आतेनु, मास्तर?"

"व्हय, अव्वा," मी म्हणालो. सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं.

नंतर हॉलमध्ये पाहुण्यांची पंगत बसली. लोक पोटभर जेवले. जाताना त्या पाच-सात जणांनी माझा हात हातात घेतला आणि आपापले दिवस पक्के केले.

अव्वाला त्या दुपारनंतर दूधही गेलं नाही. छातीत कळा सुरू झाल्या, थुंकी गिळता येईना. बाईंनी इंजेक्शन वाढवलं, तरी मध्येच ती दांडी धरून ताठ व्हायची. बाईंना खाटेखाली गुळवणी सांडलेली दिसली.

"कुणी दिलं?"

"मी."

त्या खाटेवर वाकल्या. अव्वाचं तोंड पुसलं, कूस बदलली, उशी सारखी केली. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "अक्कांच्या वेळी वाटी मी तुमच्या हातातून काढून घेतली होती, गुरुजी." माझ्यावर अख्ख्या आयुष्यात कुणी हात उचलला नाही. त्या वेळी उचलला असता तर बरं वाटलं असतं.

मी घरी गेलो नाही. अव्वाजवळ बसून राहिलो. चहाचा बोळा ओठांवर फिरवला तर तिनं ओठ मिटून घेतले, तेवढंही सोसवेना. चौथ्या दिवशी ती गेली. मी बाईंना विचारलं. विचारल्याशिवाय मला तिथून हलताच आलं नसतं. "माझ्या घासानं गेली का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "आठ-पंधरा दिवसांचंच होतं." हात धुतले, पुसले. "पण हे चार दिवस दुखण्यात गेले. ते तसे गेले नसते."

त्या खोटं बोलल्या असत्या तरी चाललं असतं. पण त्या घरात खोटं बोलत नाहीत. ते मी एकट्यानंच बोललो होतो.

अव्वाला अग्नी माझ्या विद्यार्थ्यानं दिला. स्वतःहून आला. "माझ्या आईचा घास घेतलाय तिनं, तिला म्याच देनार," म्हणाला. दहाव्यालाही त्यानंच सगळं केलं. मी नदीवर गेलो नाही. कावळा शिवला की नाही, आजवर विचारलेलं नाही.

मग मी परत दारोदार हिंडलो. या खेपेला मागायला नाही. "मी खोटं बोललो. तिथली माणसं जेवत नाहीत, त्यांना जेवण जात नाही, तुमच्या नावानं तिथं कुणी जेवणार नाही," एवढंच सांगत गेलो. लोकांनी ऐकून घेतलं. बहुतेकांनी नाव काढून घेतलं. काहींनी चहा सांगितला नाही. एक म्हातारी मात्र चिडली. "मग म्हाताऱ्याच्या तिथीला म्या काय भिताडाला जेवू घालू?" म्हणाली. तिचं काय चुकलं? कागदाला भोकं पडली तशी नावं गळाली. दिवाळी तोंडावर आली होती.

एके दिवशी टपरीवर चहा घेत होतो. समोर वरपक्षातल्या एका पेशंटचा मुलगा, चाळिशीचा, बिस्किटाचा पुडा फोडून उभ्या उभ्या चहात बुडवत होता. डोळे लाल, शर्ट चार दिवसांचा. मी त्याच्याकडं बघत राहिलो. अव्वा विचारत होती. ती रोज विचारत होती. घास गिळून जीव घाबरा झाला तेव्हाही तिनं तेच विचारलं. मी वीस दिवस उपाशी बसलेला माणूस, मोठी अक्कल लढवून वर्षाच्या पंगती आखणारा, आणि भूक कुणाला आहे हे मला दिसलं नाही. खाटेवरच्या माणसाला भूक नसते. खाटेजवळ बसलेल्याला असते.

तिसऱ्यांदा दारोदार गेलो. "जे बसून असतात ते जेवतील," म्हणालो. काही म्हणाले, धडधाकट माणसांना फुकट जेवण घालून काय पुण्य? काहींना पटलं. पहिला तो मुरुमचा विद्यार्थी. ती चिडलेली म्हातारीही आली. दिवाळी झाली, ते घर बंद झालं नाही. अजून आहे. कागदावर अर्ध्याहून जास्त दिवस रिकामे आहेत आणि मोकळा दिवस आला की बाई औषधाच्या कपाटापुढं उभ्या राहून कुलपाशी चाळा करतात. किती दिवस चालेल, मला सांगता येत नाही. झोप लागत नाही एवढं खरं.

वैशाखात अक्काचं वर्षश्राद्ध आलं. तिचा दिवस मी माझ्या नावावर लावला होता. तळण केलं नाही. पत्र्याच्या शेडखाली वास आत जाणार नाही अशा बेतानं वरणभात, भाजी, पोळ्या ठेवल्या. जवळ बसणारे एकेक करून आले, जेवून गेले. एक जण आला नाही म्हणून आत गेलो.

अव्वाच्या खाटेवर आता एक तरुण बाई होती. नवरा उशाशी बसलेला, हातात वाटी आणि चमचा. "एक घास," तो म्हणत होता. "फकस्त एक. माझ्यासाठी." ती तोंड उघडत होती.

मी वाटी त्याच्या हातातून काढून घेतली. त्यानं माझ्याकडं असं बघितलं, की त्या नजरेत मी मलाच ओळखलं. नर्सबाई मला जे म्हणाल्या होत्या ते सगळं त्याला सांगायचं होतं.

"तुमी जेवलाव का?" मी विचारलं.

"व्हय," तो म्हणाला. माझ्यासारखंच.

मी शेडमधून दहीभाताचं ताट आणून त्याच्यापुढं ठेवलं. तो नको म्हणाला. मग खाली बसला. पहिला घास त्याच्या हातात तसाच राहिला, आणि खाटेवरून त्याच्या बायकोनं मान इतकीशी वळवून त्या घासाकडं बघितलं. त्यानं तो तोंडात घातला. ती बघत राहिली. दुसरा, तिसरा. त्याचं ताट संपेपर्यंत तिनं डोळे मिटले नाहीत.

अक्का अशीच बघायची, आणि मी तिच्यावर ओरडायचो. मी बाहेर गेलो, माझं ताट वाढून घेतलं आणि आत येऊन त्याच्या शेजारी जेवायला बसलो.